पाठीवरची खूण

बसच्या रांगेत मागे उभी असलेली बाई आपली पाठ झटकतेय, हे नाऊमला जरा उशिरानेच कळलं. हातमोजा घातलेला तो हात हलका होता. शाळेला निघालेल्या पोराच्या पाठीवरची धूळ आई जाता जाता झटकते, तसा. अनोळखी माणसाचा असा स्पर्श झाला म्हणजे माणूस आधी दचकतो आणि मग सुखावतो. नाऊमचं उलटं झालं. आधी त्याला बरं वाटलं आणि मग पाठीतून शिरशिरी गेली. तो वळला तेव्हा बाई ओशाळली. साठीच्या पुढची, डोक्यावर तपकिरी टोपी, हातात भाजीची जाळी. "मला वाटलं खडू आहे," ती म्हणाली. "निघत नाही हो." "काय निघत नाही?" त्यानं विचारलं. तिनं हातमोजा उलटसुलट करून पाहिला. त्याला काहीच लागलेलं नव्हतं, आणि तेच तिला जास्त खटकलं असावं. तिनं नाऊमच्या तोंडाकडे पाहिलं, नाकाकडे, कपाळाकडे, आणि मग रस्त्यापलीकडच्या बेकरीच्या पाटीकडे बघत राहिली. बस आली. रांग पुढे सरकली. नाऊम चढला. बाई चढली नाही. दुसऱ्या कुठल्याच बसचा तो थांबा नव्हता.

मागच्या बाकावर बसून त्यानं कोट काढला. वैद्यकीचे विद्यार्थी स्वेटरवर चढवलेला पांढरा कोट घालूनच घरी जात. त्यात थोडी मिरवायची हौसही असे. विद्यापीठातून ओन्सेच्या यहुदी वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर लोक त्यांना आत्तापासूनच 'डॉक्टर' म्हणून वाट देत. कोट मांडीवर उलटा पसरला आणि त्याला ते दिसलं. दोन खांद्यांच्या बरोबर मधे, तळहाताएवढा, नाझींचा आकडेवाला क्रूस. रंग ना काळा ना तपकिरी. जुन्या फोटोच्या कडांना चढतो तसा. रेघ कुठेही फराटलेली नव्हती. घाईनं, धावत्या माणसाच्या पाठीवर काढलेलं ते नव्हतं. सावकाश काढलं होतं. काढणाऱ्यानं कापड एका हातानं ताणून धरलं असावं. नाऊमनं कोटाची घडी घातली, ती खूण आत राहील अशी. मग पुन्हा उघडून पाहिलं. ती तिथेच होती, आणि त्याला उगाच वाटलं, मघापेक्षा जरा गडद झाली आहे.

सकाळपासून तो हा कोट घालून फिरत होता. त्या हिवाळ्यात ब्युनोस आयरिसच्या भिंतींवर डांबरानं असले क्रूस रोज उगवत. इथे लपलेल्या आणि इथून पळवून नेलेल्या त्या नाझी अधिकाऱ्याला परदेशात फाशी दिल्याची बातमी आल्यापासून तर फारच. विद्यापीठाच्या मुतारीत, वाचनालयाच्या जिन्यात, सगळीकडे. एका सकाळी व्याख्यानाच्या फळ्यावर 'देशसेवा करा, यहुदी मारा' असलं काहीतरी लिहिलेलं होतं. प्राध्यापकांनी ते पुसलं, हात झटकले आणि यकृतावर बोलायला लागले. नाऊम तेव्हा शेजारच्या मुलाच्या वहीतली आकृती उतरवून घेत होता. भिंतीवरच्या गोष्टी भिंतीच्या असतात, असं तो मनाशी म्हणे. भिंतीला वळसा घालता येतो. पाठीला कसा वळसा घालायचा, हे मात्र त्याला बसमध्ये सुचेना.

मग सबंध दिवस उलटा फिरून त्याच्यापुढे आला. सकाळी दारावरच्या पहारेकऱ्यानं 'या, या डॉक्टर' म्हणून जरा जास्तच वाकून दार उघडलं होतं. जिन्यात वर जाताना मागे कुणीतरी शीळ घातली होती, आणि ती मधेच थांबली होती. खानावळीत राकेल फाइगोन, त्याच्याच वर्गातली, त्याच्यासारखीच यहुदी, शुक्रवारी संध्याकाळी क्लबात त्याच्याशी बुद्धिबळ खेळणारी, ताटली घेऊन त्याच्या मागून आली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर न बसता पार खिडकीपाशी जाऊन बसली होती. तिला उजेड हवा असेल असं तेव्हा त्याला वाटलं होतं. आणि एस्तेबान. एस्तेबान आरिएता दिवसभर त्याच्या मागे होता. एरवी एस्तेबान कधी मागे राहत नसे. लांब टांगा टाकत पुढे जाऊन, वळून ओरडायचा, "चल रे रशियन, तुझी बैलगाडी कुठे अडकली?" इथे यहुद्यांना रशियनच म्हणतात, मग ते कुठूनही आलेले असोत. नाऊमच्या बापानं तर रशिया पाहिलाही नव्हता, तरुणपणीच बोटीनं येऊन तो एन्त्रे रिओस प्रांताच्या माळावर घोड्यांत रमला होता. पण एस्तेबानच्या तोंडी ते नाव नाऊमला आवडे. दोन वर्षं ते शवविच्छेदनाच्या एकाच टेबलावर काम करत होते. उद्या दुपारी शरीररचनेची तोंडी परीक्षा दोघांचीही होती. आणि आज एस्तेबान वाचनालयात, जिन्यात, अंगणात, सगळीकडे एक पाऊल मागे होता. इतका जवळ की त्याचा श्वास मानेला लागत होता. नाऊमनं एकदा विचारलंही होतं, "काय रे, आज माझी सावली झालास?" एस्तेबान हसला होता. कसा हसला होता, ते आता आठवेना. तो चेहरा आठवायला गेलं की तिथे फक्त पांढरं काहीतरी दिसे.

त्याच दिवशी सकाळी त्यांनी टेबलावरचा मृतदेह पहिल्यांदा पालथा केला होता. वर्षभर छाती, पोट, हात, चेहरा. माणूस ओळखीचा झाला होता. एस्तेबान त्याला 'आजोबा' म्हणे. पालथा केल्यावर त्याच्या डाव्या खांद्याखाली द्राक्षाच्या पानासारखा जांभळट डाग निघाला, जन्माचा. एस्तेबान म्हणाला होता, "बघ ना, सत्तर वर्षं बाळगला, आणि म्हाताऱ्याला एकदाही दिसला नसेल." नाऊमला तेव्हा त्या वाक्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता ते वाक्य बसच्या खिडकीच्या काचेवर वाफेसारखं बसलं होतं. बोलताना एस्तेबान कुठे उभा होता? टेबलाच्या पलीकडे, की मागे?

पेर्ला आत्यानं दार उघडलं आणि म्हणाली, "जेवलास का?" ती नेहमी दार उघडताना हेच म्हणे. नाऊमच्या बापाची ही बहीण सारमिएन्तो रस्त्यावरच्या दोन खोल्यांत लोकांचे कोट उसवून, उलटून पुन्हा शिवून देई. शिकायला आला तेव्हापासून तो तिच्याकडेच राहत होता. "कोट हातात कशाला? थंडी काय कमी आहे?" त्यानं कोट पुढे केला. तिनं कोट घेतला, सवयीनं खांद्याला धरून झटकला, आणि झटकता झटकता थांबली. किटलीचं झाकण हलत होतं.  मग ती खुर्ची ओढून बसली आणि खुणेवर नाक टेकवून वास घेतला. "हे डांबर नाही," ती म्हणाली. "डांबर मला कळतं. शाई नाही, खडू नाही. हे काय आहे रे नाऊमले?" नाऊमचं हे तिनं लाडानं केलेलं नाव. तो म्हणाला, "मला काय माहीत?" पण त्याच क्षणी त्याला कळलं होतं. त्या आठवड्यात सगळा वर्ग मज्जापेशींच्या काचपट्ट्या रंगवत होता, चांदीच्या क्षाराचं पाणी वापरून. पाण्यासारखं पाणी, रंग नाही, वास नाही. कापडावर लावलं तर ओलही लगेच सुकते आणि काही दिसत नाही. मग उजेड लागतो आणि ते हळूहळू काळवंडत जातं. म्हणजे सकाळी विच्छेदन झाल्यावर बाहेरच्या खुंटीवरून कोट काढून त्यानं घातला, तेव्हा तो पांढराच होता. दहा वाजता पिवळट छाया असेल. जेवणाच्या वेळी कुणाला भास झाला असेल. कुणी बघितलं असेल आणि स्वतःशीच म्हणालं असेल, छे, सुरकुती आहे. तो दिवसभर उजेडात हिंडला आणि ते त्याच्या पाठीवर उगवत गेलं. जणू त्यानंच ते वाढवलं.

आणि बोटं? चांदीचं पाणी बोटांना लागलं की बोटंही काळी पडतात, तीन-तीन दिवस जात नाहीत. नाऊमनं आपले हात दिव्याखाली धरले. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांना डाग होते. सगळ्या वर्गाच्या बोटांना होते. एस्तेबानच्या होते, राकेलच्या होते, पट्ट्या धुणाऱ्या सेवकाच्या होते. वर्गातला कुठलाही हात त्या दिवशी स्वच्छ नव्हता.

आत्यानं साबण लावला, लिंबू पिळलं, मीठ चोळलं. कोटाची पाठ तिच्या बोटांमधे गोळा होऊन पुन्हा सुटत होती. नाऊम पलंगावर पुस्तक उघडून बसला आणि एकच ओळ वाचत राहिला. त्याला माळावरचं डाग द्यायचं आवार आठवलं. बाप, दोन गडी आणि एक शिंगरू. लोखंड लाल झालं की बाप ते शिंगराच्या मांडीवर टेकवी. जळक्या केसांचा वास येई, आणि शिंगरू सुटून पळे. जरा दूर जाऊन थांबे. मान वळवून मागे बघे, पण ते काय ते त्याला कधीच दिसत नसे. मग ते कळपात शिरे, आणि कळपातली बाकीची घोडी क्षणभर त्याला हुंगून बाजूला होत. सहा वर्षांच्या नाऊमनं विचारलं होतं, "ह्याला कळतं का, ह्याच्यावर काय लिहिलंय ते?" बाप हसून म्हणाला होता, "त्याला कळून काय करायचंय? ज्यांना वाचायचंय ते वाचतात." बापाच्या हातात तेव्हा धग असलेलं लोखंड होतं आणि ते दोघंही खुशीत होते. आपल्याला आत्ताच हे का आठवावं, याची नाऊमला लाज वाटली. बापाला बिचाऱ्याला काय ठाऊक.

सकाळी आत्यानं कोट गच्चीवर उन्हात टाकला. ऊन डाग खातं, ही तिची शिवणकामातली पन्नास वर्षांची श्रद्धा. नाऊमनं तिला सांगायला हवं होतं. तो अंगणात तोंड धूत होता आणि कोट वर दोरीवर हात पसरून उभा असलेला त्याला दिसत होता, तरी तो बोलला नाही. तासाभरानं ती खाली आली, ती कोट छातीशी धरून. खूण आता कोळशासारखी काळी होती. "उन्हानं वाढवलं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "उन्हानंसुद्धा." मग तिनं पेटीतून पांढऱ्या कापडाचा चौकोनी तुकडा काढला. "वरून लावते. कोणी विचारलं तर म्हण, फाटला होता." "कोण विचारेल?" "कोणी नाही. तेच बरं." वेळ थोडा होता. तिनं त्याला कोट घालायला लावला, खिडकीकडे तोंड करून उभं केलं, आणि अंगावरच टाके घालायच्या आधी दोऱ्याचा एक लहान तुकडा तोडून त्याच्या ओठांशी धरला. "चाव."

हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. अंगावर कपडा शिवायचा नाही. तसं फक्त मेलेल्याला, कफनात, शिवतात. शिवायचंच झालं तर अंगातल्या माणसानं दोरा चावत राहायचं, म्हणजे वरच्या कुणाची त्याला मेलेला समजायची चूक होत नाही. आई कॉलर शिवताना तो हसत हसत दोरा चावायचा. आज दोऱ्याला साबणाची चव होती. सुई कापडातून जायची, दोरा सर्रकन ओढला जायचा, आणि पाठीवरच्या त्या एका जागी आत्याचं मनगट टेकायचं. "नाऊम दोन वर्षं उभा होता," ती एकदम म्हणाली. दातांतला दोरा तसाच राहिला. आपण कधी उभे होतो? मग त्याला उमगलं. ती दुसऱ्या नाऊमबद्दल बोलत होती. तिचा धाकटा भाऊ, ज्याचं नाव ह्याला ठेवलं होतं, कारण त्यांच्यात जिवंत नातलगाचं नाव मुलाला ठेवत नाहीत. "तिकडे युरोपात, ल्वूफला इंजिनियरिंग शिकत होता. यहुद्यांना डावीकडचे वेगळे बाक केले होते. बसायचं तर तिथेच. तो बसला नाही. भिंतीला लागून उभा राहायचा, सगळे तास. घरी आला की पाय असे सुजलेले. आई कोमट पाण्यात मीठ टाकायची. मी त्याला म्हणायची, अरे मूर्खा, बाक म्हणजे बाक, ढुंगण टेकायचं आणि शिकायचं. तुला कोण बघतंय?" तिनं टाका ओढला. "तो म्हणायचा, सगळे." "मग?" नाऊम दोरा चावत म्हणाला. "मग काय. मी इकडे आले. तो राहिला." तिनं दातांनी दोरा तोडला आणि त्याची पाठ थोपटली. "झालं. आता काही दिसत नाही. शहाण्यासारखा जा, पास हो, ये."

बसमध्ये तो टेकून बसला नाही. तुकडा कडक होता, पाठीवर पत्ता चिकटवल्यासारखा. रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांत त्याला आपला चेहरा दिसे, छाती दिसे. पाठ कुठेच दिसेना. शहरातल्या इतक्या आरशांत माणसाला स्वतःची पाठ पाहायची काही सोयच नाही, असं त्याच्या मनात आलं. आणि हा विचार त्याला इतका भयंकर वाटला की तो एक थांबा आधीच उतरला आणि उरलेला रस्ता भिंतीला घासून चालला.

परीक्षेच्या दालनाबाहेरच्या बोळात एस्तेबान त्याची वाटच बघत होता. केस ओले करून मागे वळवलेले, टाय बापाचा. "आलास का रशियन! मला वाटलं, पळालास." आणि बोलता बोलता तो नाऊमच्या बाजूनं थोडा मागे गेला. अगदी सहज. नाऊमला ते कळलं. डोळ्यांनी नव्हे, पाठीनं. "वा," एस्तेबान हळूच म्हणाला. त्याच्या आवाजातून ओझं उतरलं होतं. "छान झाकलंय. काहीच दिसत नाही."

म्हणजे, तुला ते दिसलं होतं का, हे विचारायची गरजच उरली नव्हती. रात्रभर त्यानं तो प्रश्न दहा तऱ्हांनी बांधून ठेवला होता. "कधी बघितलंस?" त्यानं विचारलं. एस्तेबाननं भिंतीकडे पाहिलं. "अकराच्या सुमाराला. आधी मला वाटलं, घाम आहे. मग..." "मग?" "मग काय, वाढत गेलं ते. तुला सांगितलं असतं तर तू घरी गेला असतास. आज आला नसतास. ओळखत नाही का मी तुला? एक वर्ष वाया घालवलं असतंस असल्या हरामखोरांपायी." "म्हणून तू..." "म्हणून दिवसभर मागे चाललो ना, गाढवा! कुणाला दिसू नये म्हणून. माझा लिओनोरशी चहा ठरला होता, तोही सोडला. आणि तू विचारतोस, सावली झालास का!" तो हसला. ते हसू खरं होतं. एस्तेबानला खोटं हसता येत नसे, हे नाऊमला दोन वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. आपण ह्याच्या गळ्यात पडायला हवं, असं त्याला वाटलं. पण पाऊल पुढे पडलं नाही. सगळ्या अंगणानं पाहिलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते दोघं चालत होते. पुढे एक अजाण आणि मागे त्याच्या अजाणपणाची राखण करणारा. सांभाळलं होतं ते कुणाला? "कुणी काढलं, ते माहीत आहे तुला?" "नाही." एस्तेबान फार पटकन म्हणाला. मग, "असेल कुणीतरी. सोड ना. आज सोड." त्यानं नाऊमच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता. हाच हात असेल किंवा नसेल. आणि ह्यापुढे प्रत्येक हाताच्या बाबतीत हेच म्हणावं लागेल, असं नाऊमला अगदी स्वच्छ दिसलं.

त्यानं कोट काढला. "काय करतोस?" टाके घाईचे, लांब लांब होते. एक धागा ओढला तशी सगळी ओळ सुटत आली. "अरे, वेड लागलंय का? तिघं परीक्षक बसलेत आत! म्हातारा तुला दाराबाहेर काढेल." "त्यांना दिसणार नाही," नाऊम म्हणाला. "मी त्यांच्या समोर बसणार. मागच्यांना दिसेल." "तेच तर म्हणतोय मी! मागे सबंध वर्ग आहे!" "हो." पांढरा तुकडा त्यानं खिशात घातला आणि कोट पुन्हा चढवला. बटणं सापडेनात. एस्तेबान मदतीला पुढे आला आणि मधेच थांबला. आतून नाव पुकारलं गेलं. "झिल्बर, नाऊम."

दालन पायऱ्यापायऱ्यांचं होतं. तळाशी टेबल, टेबलामागे तिघं परीक्षक, अलीकडे एक खुर्ची, आणि खुर्चीमागे वरपर्यंत चढत गेलेले बाक. तोंडी परीक्षा ऐकायला सगळेच येऊन बसत. दारापासून टेबलापर्यंत उतरताना त्याला आपली पावलं ऐकू येत होती. त्याच्यापुढे कुजबुज होती आणि तो पुढे सरकला की त्याच्यामागे ती थांबत होती. जणू तो शांतता ओढत खाली नेत होता. कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर सोपं गेलं असतं. डावीकडे राकेल बसलेली होती. तो तिच्या पुढून गेला आणि त्यानंतर तिच्या पेनाचा टकटक आवाज बंद झाला. "बसा," मधल्या परीक्षकांनी सांगितलं. तो बसला. प्रश्नांच्या सोडतीचा तारेचा गोल पिंजरा फिरला, आतल्या लाकडी गोट्या खडखडल्या, एक बाहेर पडली. "चेहऱ्याची नस," परीक्षक म्हणाले. "सावकाश सांगा."

हे त्याला येत होतं. कानामागच्या हाडातून ती बाहेर येते, गालातल्या ग्रंथीत शिरते, आणि तिथे पाच फाटे फुटतात. एक कपाळाकडे. त्यानं आठ्या पडतात. एक पापणीकडे. त्यानं डोळा मिटतो. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपल्यामागे साठ चेहरे आहेत. ह्या क्षणी तीच नस त्या प्रत्येकात काहीतरी करते आहे. भुवई चढवते आहे किंवा ओठ मुडपते आहे. आणि ह्यातलं आपल्याला काहीही दिसत नाही. पाठीवरची ती जागा आधी जळजळू लागली, मग बधिर झाली, आणि मग तिथे जणू एक डोळा उघडला. बाहेर बघणारा नाही. ज्याच्याकडे सगळं बघत राहतं, असा. त्याचा आवाज बारीक होत गेला. "मोठ्यानं," डावीकडचे परीक्षक म्हणाले.

आणि मग मागे बुटांचा आवाज झाला. कुणीतरी पायऱ्या उतरून येत होतं. पाठीवर एकदम ऊब आली, वारा अडला. मानेवर श्वास लागला. कालचाच. "आरिएता," परीक्षकांनी चष्म्यावरून पाहत म्हटलं, "तुमचं नाव अजून पुकारलेलं नाही." "माहीत आहे, सर," मागून एस्तेबानचा आवाज आला. "पुढचा मीच आहे. इथेच थांबतो." परीक्षकांनी खांदे उडवले. "मर्जी तुमची. हं, तिसरा फाटा?"

तिसरा फाटा ओठांच्या कोपऱ्याकडे जातो. नाऊमला तो दिसत होता, पिवळसर, दोऱ्यासारखा. त्याच्या पाठीला आता कुणाचीही नजर लागत नव्हती. ती सुखावली होती, आणि ती सुखावली आहे याचाच त्याला राग आला. असंच पुढे पाच वर्षं चालता येईल. पुढे हा, मागे तो. पदवी मिळेल. दवाखान्याच्या दारावर पाटी लागेल. कुणालाच काही दिसणार नाही, आणि सगळ्यांना ठाऊक असेल. "तिसरा फाटा, झिल्बर," परीक्षक पुन्हा म्हणाले. "येत नसेल तर तसं सांगा."

"येतो," नाऊम म्हणाला. त्यानं मान वळवली नाही. "बाजूला हो, एस्तेबान."

मागचा श्वास थांबला. "काय?" एस्तेबान कुजबुजला. "अरे, सगळे बघतायत."

"बघू दे. बाजूला हो."

 मधल्या परीक्षकांनी टेबलावरची गोटी उचलून बोटांत धरली होती, ती तशीच राहिली. मग लाकडी पायरी एकदा करकरली, जरा थांबून पुन्हा करकरली, आणि वरच्या उघड्या खिडकीची हवा सरळ त्याच्या पाठीवर येऊन पडली. नाऊम शहारला. मग घसा साफ करून त्यानं ओठांच्या कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली, मोठ्यानं.